दहांपैकीं चार

मनुष्य सेवानिवृत्त झाला म्हणजे त्याच्या हातांतला खडू सुटतो, पण तांबडी पेन्सिल सुटत नाहीं. आम्हीं धामणगांव रेल्वे येथें तीस-बत्तीस वर्षें मुलांना मराठी व संस्कृत शिकविलें. आमचें स्वतःचें शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचें. पुढें एका शास्त्रीबोवांच्या ओसरीवर बसून जें संस्कृत पदरीं पडलें, तेवढीच आमची पुंजी. पण तेवढ्या पुंजीवर आम्ही आजहि लग्नपत्रिकांतील ऱ्हस्वदीर्घ तपासतों, दुकानांच्या पाट्या वाचून मान हालवितों, आणि वर्तमानपत्राच्या समासांत खुणा करतों. या संवयीनें गेल्या दिवाळींत आमच्याच घरीं एक प्रसंग ओढवला. तो थोड्याफार फरकानें पुष्कळ घरांतून घडत असावा, म्हणून वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमची नात पुण्यास कॉलेजांत शिकते. सुटींत ती धामणगांवीं आली, तेव्हां बाजारांत कापूस यावयास नुकता आरंभ झाला होता आणि घरांत चकल्यांचा घाणा चालू होता. दुसऱ्याच दिवशीं तिनें कांहीं कागद आमच्या हातीं दिले. "आजोबा, कॉलेजच्या वार्षिक अंकाला लेख द्यायचा आहे. शुद्धलेखन तेवढें पाहून द्या." लेखाचें नांव होतें, "राजी : एक परीक्षण." आम्हांस वाटलें, ही एखादी नवी कादंबरी असावी. तिसऱ्या ओळीस उलगडा झाला कीं, हा संगणकावर खेळावयाचा व्हिडिओ गेम आहे! तिथपासून आमची पेन्सिल जरा जोरानें चालूं लागली. लेखाच्या शेवटीं आम्हीं लिहिलें, "भाषा बरी. विषय क्षुल्लक. मत केवळ वैयक्तिक." आणि खालीं, जणूं कोणीं मागितलेच होते, असे दहांपैकीं चार गुण दिले.

पोरगी रागावली नाहीं कीं रुसली नाहीं. तिनें शांतपणें विचारलें, "आजोबा, शुद्धलेखनाच्या चुका किती निघाल्या?"

"दोन."

"मग सहा गुण कशाचे गेले?"

आम्हीं घसा साफ केला. "अगं, खेळ हा काय परीक्षणाचा विषय झाला? आणि आवडनिवड ज्याची त्याची. तुला आवडला, दुसऱ्याला नाहीं आवडणार. त्यांत सिद्ध काय करायचें?"

"तुम्हीं तो खेळ पाहिलात का?"

"त्यांत पाहायचें काय?"

"मग तुमचें मत वैयक्तिकसुद्धां नाहीं, आजोबा. माझें मत निदान माझें तरी आहे."

स्वयंपाकघरांतून चकल्यांचा आवाज थांबल्यासारखा वाटला. आमच्या सौभाग्यवती मोठ्यानें कांहीं बोलल्या नाहींत, पण त्या हसल्या असाव्यात, अशी आमची खात्री आहे.

मग नातीनें आम्हांस एक हकीकत सांगितली. रॉजर ईबर्ट या नांवाचे अमेरिकेंत एक फार नामांकित चित्रपट-टीकाकार होऊन गेले. त्यांनीं एप्रिल २०१० मध्यें असें ठासून लिहिलें कीं, व्हिडिओ गेम ही कला कधींहि होऊं शकणार नाहीं. त्यावर हजारों लोकांनीं त्यांस उत्तरें पाठविलीं. त्याच वर्षीं जुलैमध्यें त्यांनीं पुन्हां लेख लिहून कबूल केलें कीं, जे खेळ आपण खेळलोंच नाहीं, त्यांविषयीं असें विधान करावयास नको होतें. त्यांनीं आपलें मूळ मत सर्वस्वीं सोडलें असें नाहीं; तें बोलण्याचा आपला अधिकार मात्र तपासून पाहिला. एवढ्या मोठ्या टीकाकारास जें जमलें, तें धामणगांवच्या मास्तरास कां जमूं नये, असें नातीनें तोंडानें म्हटलें नाहीं. तिनें फक्त लॅपटॉप उघडून आमच्यापुढें सरकविला.

'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ कोणा परदेशस्थाचा नव्हे, तो आपल्या पुण्याचा आहे. 'नॉडिंग हेड्स गेम्स' नांवाच्या लहानशा मंडळीनें तो रचला. २०१७ मध्यें त्यासाठीं त्यांनीं लोकवर्गणी मागून पाहिली, पण ठरविलेली रक्कम जमली नाहीं. तरीहि काम न सोडतां २०२० सालीं त्यांनीं तो बाहेर काढला, आणि त्याच वर्षीं 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या यादींत त्याचें नामांकन झालें. कथा साधी आहे. राजी ही कसरतीचे खेळ करून पोट भरणारी पोर. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात, आणि ती त्याला सोडविण्यास निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. पुढें विष्णूचें धनुष्यहि तिच्या हातीं येतें. दुर्गा आणि विष्णु वरून तिची धडपड पाहत तिच्याविषयीं आपसांत बोलत असतात. मधून मधून सावल्यांच्या बाहुल्यांनीं मागची कथा सांगितली जाते. तें पाहतांना आम्हांस कोंकणांतील पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या चामड्याच्या बाहुल्यांची आठवण झाली.

आमचीं बोटें खडूला सरावलेलीं. पहिल्या दहा मिनिटांत राजी आमच्या हातून सात वेळां दरींत पडली. नातीनें अवघड जागीं आपण खेळावें आणि सोप्या जागीं आम्हीं चालावें, अशा वांटणीनें तीन संध्याकाळीं आम्हीं तो खेळ पुरा केला. खरें सांगावयाचें तर आमचें मन त्यांत गुंतलें. भिंतींवरच्या चित्रांपुढें आम्ही राजीला उभी करून ठेवीत असूं आणि नात "आजोबा, पुढें चला" म्हणून घाई करी. आम्हीं ऐकली ती दुर्गा इंग्रजी बोलत होती, याचें प्रथम हसूं आलें. पण दुसऱ्या दिवशीं तेंहि कानाला खटकेनासें झालें.

येथें आम्हांस आमच्याच शास्त्रानें पकडलें. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत प्रेक्षकांच्या आवडीची वांटणी केली आहे. तरुण शृंगारांत रमतात, शूर वीररौद्रांत, आणि म्हातारीं माणसें पुराणकथांत! म्हणजे आम्हांस राजीची कथा आवडली, यांत आमच्या रसिकतेचा भाग किती आणि आमच्या वयाचा किती, हें मुनींनीं आधींच लिहून ठेविलें होतें. परंतु भरतमुनि एवढें सांगून थांबत नाहींत. ज्याची त्याची आवड वेगळी म्हणून निवाडाच नको, असें ते म्हणत नाहींत. उलट नाट्यप्रयोगांत वाद पडल्यास तो सोडविणारे 'प्राश्निक' कोण असावेत, हें ते सांगतात. यज्ञाचा प्रसंग असेल तर यज्ञ जाणणारा, नृत्य असेल तर नर्तक, छंदांपुरता छंद जाणणारा, शब्दांपुरता वैयाकरण, चित्रांपुरता चित्रकार, शस्त्रांपुरता धनुर्विद्या जाणणारा. एकाच प्रेक्षकाच्या अंगीं सगळे गुण नसतात, हें त्यांनीं ओळखलें होतें. जो ज्या भागाचा जाणता, त्याचें त्या भागापुरतें ऐकावें.

या न्यायानें पाहतां 'राजी'च्या चित्रांविषयीं आणि पुराणकथेविषयीं आम्ही चार शब्द बोलूं शकतों. लढाईविषयीं मात्र आमची नातच प्राश्निक. कारण तिचीं बोटें अशा पुष्कळ खेळांत मुरलेलीं. ती म्हणे, "आजोबा, इथें मी उडी मारायला सांगितली आणि राजी क्षणभर उशिरा उडाली." आम्हांस तो क्षण दिसलाच नाहीं. तो नव्हता असें मात्र आम्हीं म्हणूं नये, हें आतां आम्हांस उमगलें होतें. शंभर श्लोक म्हणणाऱ्यास एक मात्रा चुकलेली टोंचते. ज्यानें श्लोकच ऐकला नाहीं, त्याला काय टोंचणार?

खेळ संपल्यावर आम्हीं तिचा लेख पुन्हां वाचला, या वेळीं पेन्सिल खालीं ठेवून. पहिल्याच परिच्छेदांत तिनें लिहिलें होतें कीं, लहानपणापासून ती जे खेळ खेळली, त्यांत परक्या देशांचे वीर आणि परक्या देशांचे राक्षस होते. आपल्या घरच्या देव्हाऱ्यांतली दुर्गा खेळांत प्रथमच दिसली, तेव्हां तिचा कंठ दाटून आला. "म्हणून या खेळाची वाजवीपेक्षां जास्त स्तुति माझ्या हातून होण्याचा संभव आहे. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें. मी स्वतःहि हें ध्यानांत ठेवून दोष दोनदां तपासले आहेत." पुढें तिनें चित्रें, वास्तु, संगीत यांची वाखाणणी केली होती, पण कोणत्या ठिकाणचें चित्र आणि तें कथेला कसें उपयोगी पडतें, हें दाखवून. लढाईंतला दोष कोणत्या प्रसंगीं जाणवतो, तें सांगितलें होतें. शेवट एकाएकीं येतो आणि गोलूसाठीं एवढी धडपड केलेल्या खेळणाऱ्याचें समाधान होत नाहीं, अशी तक्रार केली होती. आणि अखेर : "ज्यांना लढाईच पाहिजे, त्यांची निराशा होईल. ज्यांना कथेंत रमावयाचें आहे, त्यांनीं अवश्य खेळावा."

या लेखाखालीं आम्हीं 'मत केवळ वैयक्तिक' असें लिहिलें होतें! मत वैयक्तिक होतेंच; कोणाचें नसतें? आवड ही साक्षीदारासारखी आहे. साक्ष म्हणजे निकाल नव्हे, हें खरें; पण साक्षीदारालाच कचेरीबाहेर घालविलें, तर निकाल कशावर द्यावयाचा? ज्याला कांहीं आवडलें नाहीं आणि कांहीं बोचलें नाहीं, त्याचें परीक्षण म्हणजे सामानाची यादी. नुसतें 'आवडलें' म्हणून थांबणारा साक्ष देऊन उलटतपासणीच्या आधीं पळून जातो. जो आपण कोठें उभे राहून पाहिलें तें सांगतो, काय पाहिलें तें दाखवितो, आणि 'तुम्हीहि येथें उभे राहून पाहा' असें म्हणतो, त्याचें मत त्याचें एकट्याचें राहत नाहीं. तें आपणांस पटेल किंवा पटणार नाहीं. पण त्याशीं वाद घालतां येतो.

धामणगांवाहून पुलगांवाकडे जातांना आगगाडी वर्धा नदी ओलांडते. हीच कालिदासाची वरदा. 'मालविकाग्निमित्रां'त शेवटीं विदर्भाचे दोन भाग होतात, ते याच नदीच्या दोन कांठांवर. आणि त्यांतली मालविका ही विदर्भाची राजकन्या, म्हणजे आमच्याच मुलखाची मुलगी. हें नाटक आम्हीं अनेक वर्षें शिकविलें, पण त्यांतला परीक्षेचा प्रसंग आम्हांस या दिवाळींत प्रथम नीट समजला. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद पडतो. राणी एकाच्या बाजूची, राजा दुसऱ्याच्या. म्हणून पंडिता कौशिकी या परिव्राजिकेस निवाडा करावयास बसवितात. ती म्हणते, कोणाचें कसब स्वतःच्या प्रयोगांत असतें, कोणाचें शिष्याला शिकविण्यांत. तेव्हां शिष्यांचा प्रयोग पाहूं या. गणदासाची शिष्या मालविका नाचते, आणि परिव्राजिका ती निर्दोष ठरविते. पण कशी? अंगांनीं अर्थ कसा सूचित झाला, पावलें लयीला कशीं धरून होतीं, रसांत तन्मयता कशी होती, हें सांगून. विदूषक तेवढा दोष काढतो कीं, पहिल्या प्रयोगाच्या आधीं ब्राह्मणाची पूजा व्हावयास पाहिजे होती, ती राहिली! आमच्या तांबड्या पेन्सिलीची जात त्या विदूषकाच्याच पंक्तीची, हें आम्हांस कबूल केलें पाहिजे. समोरच्या नाचाकडे न पाहतां त्यानें आपलें दक्षिणेचें गणित पाहिलें.

आणि खरी गंमत पुढेंच आहे. ही परिव्राजिका तटस्थ मुळींच नव्हती. ती मालविकेच्याच माणसांपैकीं. तिच्या भावाच्या सचिवाची बहीण. तें गुपित शेवटच्या अंकापर्यंत राहतें. मग तिचा निकाल खोटा मानावयाचा काय? तिचा जिव्हाळा झांकलेला होता, पण कारणें उघडीं होतीं. लय चुकली होती कीं नव्हती, हें सभेंतला कोणीहि जाणता पाहूं शकत होता. हरदत्ताच्या शिष्येचा प्रयोग त्या दिवशीं झालाच नाहीं, तेव्हां श्रेष्ठ कोण हा प्रश्न अर्धाच राहिला, हेंहि कोणीहि म्हणूं शकतो. कारणें सांगितलीं म्हणूनच तीं अपुरीं आहेत असें म्हणतां येतें. आमच्या नातीनें तर एक पाऊल पुढें टाकलें : आपला जिव्हाळा तिनें पहिल्याच परिच्छेदांत सांगून टाकला.

आतां गुणांविषयीं. आमच्या तालुक्यांत तळेगांव दशासर येथें शंकरपट होतो. तेथें बैलजोडी किती वेळांत धांवली तें घड्याळ सांगतें, आणि त्यावर वाद खुंटतो. खेळांतला जय असा मोजतां येतो. खेळाची रचना मात्र अशी मोजतां येत नाहीं. तरीहि माणसाला आंकड्याची हौस मोठी. २००१ सालीं 'मेटाक्रिटिक' नांवाची योजना निघाली, तींत निरनिराळ्या परीक्षकांचे अभिप्राय शंभरांपैकीं गुणांत बसवून त्यांची सरासरी काढतात. २०१० सालीं 'फॉलआउट : न्यू व्हेगस' हा खेळ निघाला. तो रचणाऱ्या मंडळीस या सरासरींत ८५ गुण पडले तर जादा मोबदला मिळावयाचा होता, पडले ८४. हें त्यांतल्याच एका रचनाकारानें २०१२ मध्यें सांगितलें. कोणाला कथा आवडली, कोणाला यंत्रांतल्या चुका खटकल्या, कोणीं दोन्ही सांगितल्या; त्या सगळ्यांचीं कारणें गळून गेलीं आणि एक गुण तेवढा उरला. आम्ही हें ऐकून गप्प बसलों. आम्हीं आयुष्यभर दुसरें काय केलें होतें?

कारण नातीचा लेख वाचतांना आम्हांस एक जुनी वही आठवूं लागली होती. पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट. 'मला आवडलेलें पुस्तक' असा निबंध आम्हीं वर्गास दिला होता. जिनिंगमध्यें काम करणाऱ्या एका गृहस्थांच्या मुलानें लिहिलें कीं, गुरुजींनीं वाचावयास सांगितलेली ऐतिहासिक कादंबरी आपणांस आवडली नाहीं. त्यानें कारणेंहि दिलीं होतीं. गडाचें वर्णन चार पानें हलत नाहीं. आपल्यासारखीं कष्टाचीं माणसें त्यांत केवळ घोडे धरण्यापुरतीं येतात. आणखी एक कारण होतें, तें आम्हांस आठवेना. त्या निबंधाखालीं आम्हीं 'उद्धटपणा' असा शेरा मारून दहांपैकीं चार गुण दिले. पोरगा हुशार होता. पुढच्या निबंधापासून त्यानें आम्हांस जें पाहिजे तें लिहिलें, आणि आम्हीं त्यास आठ-आठ गुण दिले. त्याचें स्वतःचें असें एकहि वाक्य पुन्हां आमच्या वाचनांत आलें नाहीं. आम्हीं तेव्हां तें सुधारणा म्हणून मोजलें.

त्याचें स्टेशनाकडच्या रस्त्याला पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचें दुकान आहे. मोटरीचा आवाज ऐकून तो दोष सांगतो, आणि कसा ओळखला हेंहि गिऱ्हाईकाला समजावून देतो. त्यामुळें लांबलांबच्या खेड्यांचे शेतकरी त्याच्याकडे येतात. भाऊबीज झाल्यावर नात पुण्यास गेली. तिला गाडींत बसवून परत येतांना आम्ही त्याच्या दुकानीं थांबलों. त्यानें हातावरचें तेल पुसून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा सांगितला. आम्हीं त्याला तो निबंध, तो शेरा, ते चार गुण, सगळें सांगितलें, आणि आमची चूक झाली असें म्हटलें. तो जरा गोंधळला.

"गुर्जी, मार्क त मले काई याद नाई," तो म्हणाला. मग थोडें थांबून, हळूच : "पन थे पुस्तक खरंच कंटाळवानं होतं."

"कां?" आम्हीं विचारलें. वर्गांत हा शब्द आम्हीं हजारों वेळां उच्चारला असेल. पण समोरच्याला जें माहीत आहे आणि आपणांस नाहीं, तें ऐकण्यासाठीं तो आम्हीं क्वचितच वापरला असेल.

पंपाचा नट हातांत फिरवीत त्यानें विचार केला. "त्यातला नायक कधी चुकतच नव्हता, गुर्जी. जो चुकतच नाई, त्याची काळजी कायले करावं मानसानं?"

आम्हांस न आठवणारें तिसरें कारण तें हेंच.

नातीच्या लेखावरचे चार गुण आम्हीं तिच्या जाण्याआधींच खोडून टाकले होते. नवे गुण दिले नाहींत. देवतांच्या संभाषणानें खेळणाऱ्याची गति अडते, असें तिनें लिहिलें आहे, तें मात्र आम्हांस मान्य नाहीं. तें संभाषण नसतें तर राजीची लढाई ही नुसती मारामारी झाली असती, असें आमचें मत आहे. तें आम्हीं कारणांसह एका स्वतंत्र कागदावर लिहून तिच्या पिशवींत घातलें. चार दिवसांनीं तिचें उत्तर आलें. आमच्या तीन कारणांपैकीं एक तिनें मान्य केलें आहे, दोन खोडलीं आहेत, आणि शेवटीं विचारलें आहे, "आजोबा, शुद्धलेखन बरोबर आहे ना?"

एक चूक आहे. ती आम्ही पुढच्या पत्रीं कळविणार आहों. पण आधीं त्या दोन कारणांचें उत्तर द्यावयाचें आहे.